समरकंदला जावे का?

प्रश्न : मी सोलापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते आणि आता निवृत्त आहे. यजमान बँकेत होते, तेही आता घरीच असतात. यापूर्वी एका मोठ्या समूहाबरोबर आम्ही युरोप पाहिला. पण रोज नवे शहर आणि रोज पहाटे बॅगा भरणे, या धावपळीत नेमके काय पाहिले ते आज आठवत नाही. तैमूर, बाबर, रेशीम मार्ग हे शब्द वर्गात इतक्या वेळा उच्चारले आहेत, की एकदा समरकंद आणि बुखारा डोळ्यांनी पाहावे असे फार वाटते. मुलगा म्हणतो, ‘तिथे बघण्यासारखे काय आहे? त्यापेक्षा स्वित्झर्लंडला जा.’ नणंद म्हणतात, ‘ज्याने दिल्लीत कत्तल केली त्या तैमूरच्या कबरीपुढे जाऊन उभे राहायचे?’ त्यांचा प्रश्न मला खरोखर बोचतो. शिवाय यजमान शुद्ध शाकाहारी आहेत, माझे गुडघे दुखतात आणि तिथली भाषा येत नाही. जावे का? गेलो तर सहल कंपनीबरोबर जावे की आपले आपण?
– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

अवश्य जा. परदेशी जाण्याची जी कारणे लोक मला कळवतात त्यांत तुमच्याइतके भक्कम कारण क्वचितच असते. तुम्हाला जे ठिकाण पाहायचे आहे त्याविषयी तुमच्या मनात आधीपासून प्रश्न आहेत, आणि जिथे आपल्याकडची फारशी माणसे जात नाहीत अशा देशात प्रवाशाला सर्वांत जास्त उपयोग या प्रश्नांचाच होतो. पॅरिसमध्ये किंवा लंडनमध्ये काय पाहायचे, ते का पाहायचे आणि पाहून काय वाटले पाहिजे, हे सगळे आपल्याला जाण्यापूर्वीच कोणी ना कोणी सांगून ठेवलेले असते. समरकंद आणि बुखारा ज्या देशात आहेत त्या उझबेकिस्तानात ती सोय नाही. निळ्या घुमटासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्यामागची माणसे, लढाया, वेधशाळा आणि बाजार माहीत नसतील, तर तिसऱ्या दिवशी त्याला सगळे घुमट सारखेच दिसू लागतात आणि तो ‘बघण्यासारखे फार काही नाही’ असे म्हणत परततो. तुमच्या बाबतीत तसे होण्याची भीती मला वाटत नाही. मात्र वर्गात शिकवलेला इतिहास हा बहुतेक दिल्लीच्या बाजूने पाहिलेला इतिहास असतो. तोच इतिहास समरकंदच्या बाजूने पाहण्याची तयारी निघण्यापूर्वी करावी, असे मी सुचवेन.

त्या तयारीची सुरुवात सोलापूरहून जवळच असलेल्या बिदरला जाऊन करा. दोन दिवसांची सवड काढली तरी पुरते. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने तिथे 1472 मध्ये मदरसा बांधला. त्याचा उरलेला मिनार, दर्शनी भिंतीवर अजून टिकून असलेल्या निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरशा आणि चौकाभोवतीच्या खोल्यांची मांडणी हे सगळे इराण आणि मध्य आशियातील बांधणीच्या परंपरेतून दख्खनच्या काळ्या मातीत आलेले आहे. 1696 मध्ये तिथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग उडाला; त्यामुळे फरशीच्या आत वीट कशी बसवली आहे हेही तिथे उघड दिसते. ते नीट पाहून ठेवा. समरकंदच्या रेगिस्तान चौकात उभे राहाल तेव्हा ती रचना तुम्हाला परकी वाटणार नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा तुम्ही पाहिलाच असेल. तैमूरच्या कबरीवरचा घुमट, दिल्लीतील हुमायूनची कबर, ताजमहाल आणि आपल्या मराठवाड्यातला तो मकबरा ही एकाच घराण्याच्या बांधकामाची मालिका आहे, आणि तुम्ही तिच्या शेवटाकडून आरंभाकडे निघाला आहात.

आता नणंदेच्या प्रश्नाविषयी. तो टाळण्यासारखा नाही. 1398 च्या डिसेंबरात दिल्लीवर चाल करण्यापूर्वी तैमूरने हजारो कैद्यांची कत्तल करवली आणि नंतर शहर लुटले, हे सत्य आहे. समरकंदमध्ये गेल्यावर ते विसरावे असे मी सांगणार नाही. ते मनात ठेवूनच जावे. पण तिथे गेल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात आणि त्या तुमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षिकेला फार उपयोगी वाटतील.

पहिली अशी, की तैमूरचे आजचे मोठेपण हे अलीकडच्या राजकारणाने घडवलेले आहे. सोव्हिएत राजवटीत त्याचा उल्लेख बहुधा क्रूर विजेता म्हणूनच होई. 1991 मध्ये उझबेकिस्तान स्वतंत्र झाला तेव्हा नव्या राष्ट्राला स्वतःचा असा एखादा महापुरुष हवा होता, आणि ताश्कंदच्या ज्या चौकात पूर्वी कार्ल मार्क्सचा पुतळा होता तिथे 1993 मध्ये अश्वारूढ तैमूर उभा राहिला. यातला पेच असा, की ज्या शैबानी खानाच्या नेतृत्वाखाली उझबेक टोळ्या या प्रदेशात सत्तेवर आल्या, त्यानेच तैमूरच्या वंशजांना समरकंदमधून हाकलले. त्या हाकललेल्यांपैकी एक तरुण म्हणजे 1483 मध्ये अंदिजानला जन्मलेला बाबर. म्हणजे आजच्या राष्ट्राने आपला नायक म्हणून निवडला तो पराभूत घराण्याचा मूळपुरुष. इतिहासातून नायक कसे निवडले जातात आणि निवडताना काय बाजूला ठेवले जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण पाहायला मिळणे हेसुद्धा तिथे जाण्याचे एक कारण आहे. बाबराकडेही तिथे कवी आणि गद्यकार म्हणून पाहतात. आपल्याकडे ज्याचे नाव वादाशिवाय उच्चारले जात नाही, त्याच्या कविता तिथे मुले शाळेत शिकतात, हे ऐकताना आपल्याला अस्वस्थ वाटते; ती अस्वस्थता लपवू नये आणि तिथे कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर तिचा वादही करू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. समरकंद तैमूरने एकट्याने बांधलेले नाही. जिंकलेल्या प्रत्येक शहरातून त्याने कारागीर उचलून आणले. 1399 मध्ये, म्हणजे दिल्लीच्या लुटीनंतर लगेच, बीबी खानम मशिदीचे काम सुरू झाले. तैमूरच्या चरित्रकारांनी त्या कामावरील पाथरवटांमध्ये हिंदुस्थानातून आणलेल्यांचा उल्लेख केला आहे, आणि दगड वाहून नेण्यासाठी तिथूनच आणलेले हत्ती वापरल्याचेही लिहून ठेवले आहे. 1404 मध्ये समरकंदला आलेला स्पेनचा वकील क्लाविहो यानेही ते हत्ती पाहिले होते. त्या प्रचंड कमानीखाली उभे राहाल तेव्हा आपल्या मुलखातून जबरदस्तीने नेलेल्या, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा माणसांच्या हातचे काम आपण पाहत आहोत, हे तुमच्या नणंदेला जरूर सांगा. त्यांना पाहायला कोणी गेले नाही, तर त्यांची आठवण तरी कोण ठेवणार?

तैमूरची कबर, म्हणजे गूर-ए-अमीर, पाहताना एक तपशील शिक्षिका म्हणून तुमच्या नजरेतून सुटू नये. आतल्या दालनात सर्वांत मोठ्या मानाची जागा तैमूरची नाही. मीर सय्यद बरका या त्याच्या गुरूंची आहे आणि तैमूर त्यांच्या पायाशी पुरलेला आहे. तैमूरच्या कबरीवर गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या दिसणाऱ्या जेड दगडाची शिळा असून ती मधोमध दुभंगलेली आहे. 1739 मध्ये दिल्ली लुटणाऱ्या नादिरशहाने पुढच्याच वर्षी ती शिळा उचलून नेली आणि त्या खटाटोपात ती फुटली, असे सांगतात. त्याच छताखाली तैमूरचा नातू उलुघ बेगही आहे, आणि माझ्या मते समरकंदला जाण्याचे खरे कारण तोच आहे.

उलुघ बेगाला राज्य करण्यापेक्षा आकाश मोजण्यात अधिक रस होता. रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांपैकी सर्वांत जुना, 1417 ते 1420 या काळात बांधलेला मदरसा त्याचा आहे आणि त्याच्या दर्शनी कमानीवर ताऱ्यांची नक्षी आहे. शहराबाहेरच्या टेकडीवर त्याने वेधशाळा उभारली. तिथे सुमारे 40 मीटर त्रिज्येच्या दगडी कंसावर सूर्याचे आणि ग्रहांचे वेध घेतले जात, आणि 1437 मध्ये तयार झालेल्या त्याच्या तारकासूचीत 1018 ताऱ्यांची स्थाने नोंदलेली आहेत. नाक्षत्र वर्षाची, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षाची, लांबी त्याने काढली तीत एका मिनिटाचीही चूक नव्हती. 1449 मध्ये त्याच्या मुलाच्याच संमतीने त्याचा खून झाला, वेधशाळा पडली, आणि पुढे ती नेमकी कुठे होती हेही लोक विसरले. 1908 मध्ये व्यात्किन या रशियन संशोधकाने जुन्या कागदपत्रांवरून ती जागा शोधली. आज तिथे जमिनीखाली उतरत जाणारा कंसाचा तेवढा भाग शिल्लक आहे. त्यामुळे घाईतल्या सहलीतली माणसे डोकावून पाच मिनिटांत बाहेर येतात. तुम्ही तिथे वेळ काढा, कारण या वेधशाळेचे काम तिच्याबरोबर संपले नाही. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ग्रहताऱ्यांच्या गणिताची आपली सारणी रचली तेव्हा उलुघ बेगाची सारणी त्याच्यासमोर होती, आणि जयपूर, दिल्ली, वाराणसी, उज्जैन येथील जंतरमंतर त्याच परंपरेतले आहेत. ज्या घराण्याच्या मूळपुरुषाने दिल्ली लुटली त्याच्याच नातवाचे गणित तीनशे वर्षांनी उज्जैनला उपयोगी पडले. तैमूरविषयीच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे. पण त्या प्रश्नाशेजारी ही गोष्ट ठेवूनच समरकंद पाहावे.

वेधशाळेपासून जवळ अफ्रासियाबचे संग्रहालय आहे. 1965 मध्ये रस्त्याच्या कामात तिथे सातव्या शतकातल्या एका सोग्दी, म्हणजे त्या काळी इथे राहणाऱ्या व्यापारी लोकांच्या, दालनाची भित्तिचित्रे सापडली. देशोदेशींचे वकील भेटी घेऊन आले आहेत असे एका भिंतीवर दिसते, आणि दुसऱ्या भिंतीवर भारताशी संबंधित प्रसंग असावेत असे अभ्यासक मानतात. इस्लाम येण्यापूर्वीचे, व्यापाऱ्यांचे समरकंद इथे भेटते. ते पाहिल्यानंतरच शहराचा इतिहास तैमूरपासून सुरू होत नाही हे मनात पक्के बसते.

एक सावधगिरी मात्र आधीच सांगतो, कारण ती न सांगितल्यास तुमचा विरस होईल. समरकंदमध्ये जे झळाळताना दिसते त्यातले पुष्कळसे विसाव्या शतकातले आहे. बीबी खानम मशीद भूकंपांनी आणि दुर्लक्षाने कोसळली होती. तिचे घुमट आणि कमान गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुन्हा उभी केलेली आहेत. उलुघ बेगाच्या मदरशाचा एक मिनार कलला होता, तो 1932 मध्ये शुखोव्ह या रशियन अभियंत्याच्या योजनेने सरळ करण्यात आला. 1911 च्या सुमारास प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराने काढलेली समरकंदची रंगीत छायाचित्रे इंटरनेटवर सहज मिळतात. ती निघण्यापूर्वी शांतपणे पाहा, म्हणजे मूळ काय आणि भर काय हे तिथे तुमचे तुम्हालाच ओळखता येईल. तैमूरच्या जन्मगावी, शहरिसब्झला, तर भव्य बगीचे करण्यासाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि 2016 मध्ये युनेस्कोने त्या शहराला धोक्यात असलेल्या वारशाच्या यादीत घातले. मार्गदर्शक त्याविषयी बहुधा आपण होऊन बोलणार नाही. तुम्ही विचारा.

बुखाऱ्याला समरकंदइतकेच, जमल्यास जास्त दिवस द्या. समरकंदमध्ये स्मारके आधुनिक शहरात विखुरलेली आहेत. बुखाऱ्यात जुने शहर अजून सलग आहे आणि त्याचा मधला भाग बहुतांशी सपाट, पायी हिंडण्याजोगा आहे. तिथली सर्वांत मोठी गोष्ट आकाराने सर्वांत लहान आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीची इस्माईल सामानीची कबर हा भाजक्या विटांचा एक साधा चौरस ठोकळा आहे, त्यावर रंगीत फरशी नावालाही नाही. पण विटा आडव्या, उभ्या, तिरक्या बसवून टोपलीच्या विणीसारखी अशी नक्षी साधली आहे की सकाळी आणि संध्याकाळी तीच भिंत वेगळी दिसते. तिथे दोनदा जा. 1127 मध्ये बांधलेला, सुमारे 46 मीटर उंचीचा कल्याण मिनार चंगेजखानाच्या 1220 च्या विध्वंसातून वाचला. 1920 मध्ये लाल सैन्याने शहरावर तोफा डागल्या त्यातूनही तो उभा राहिला. शेजारचा मीर-ए-अरब मदरसा सोव्हिएत काळात बराच काळ तिथल्या इस्लामी शिक्षणाचे एकमेव अधिकृत केंद्र होता आणि आजही तिथे विद्यार्थी शिकतात. म्हणून त्याच्या आत प्रवाशांना मुक्त प्रवेश नाही, याचा राग मानू नये.

बुखाऱ्याच्या मध्यभागी लब-ए-हौज नावाचा हौद आहे आणि काठावर जुनी तुतीची झाडे आहेत. असे अनेक हौद पूर्वी शहरभर होते. सगळे गाव त्यांचेच पाणी पिई आणि त्या पाण्यातून लोकांना नारू, म्हणजे अंगात वाढणाऱ्या लांब जंताचा रोग, होई. सोव्हिएत डॉक्टरांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत बहुतेक हौद कोरडे करून तो रोग संपवला. पायविहिरींच्या पाण्यातून होणारा नारू आपल्या आजी-आजोबांनीही पाहिलेला आहे. एका राजवटीने मशिदी बंद केल्या आणि त्याच राजवटीने नारू संपवला, ही दोन्ही विधाने खरी आहेत, आणि बुखाऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ती दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. याच गल्ल्यांत मुलतानचे आणि नंतर सिंधमधल्या शिकारपूरचे हिंदू व्यापारी सावकारी आणि कापडाचा व्यापार करीत, त्यांच्या स्वतंत्र सराया होत्या. फाळणीनंतर मुंबई-उल्हासनगरकडे आलेल्या सिंधी समाजात शिकारपुरी मंडळीही आहेत. बुखारा त्यांच्या पणजोबांना अनोळखी नव्हता. ज्यूंची जुनी वस्तीही हौदाजवळच आहे. तिथले बहुसंख्य लोक इस्रायलला आणि न्यूयॉर्कला निघून गेले, पण प्रार्थनाघर अजून आहे आणि विनंती केल्यास पाहू देतात.

खिवा सुंदर आहे यात शंका नाही. तटाच्या आतले इचन कला हे शहर 1990 मध्येच जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि जुम्मा मशिदीतले दोनशेहून अधिक लाकडी खांब, त्यांतले काही हजार वर्षांपूर्वीचे, पाहून मन हरखते. पण तिथली वस्ती विरळ होत गेली आहे आणि संध्याकाळी शहर एखाद्या बंद झालेल्या संग्रहालयासारखे वाटते. एक रात्र, फार तर दोन रात्री पुरतात. मात्र हा ख्वारिझमचा प्रदेश आहे, 973 मध्ये अल-बिरुनी हा विद्वान इथेच जन्मला, हे विसरू नका. महमूद गझनवीने त्याला 1017 मध्ये गझनीला नेले. तिथून त्याने भारताचा अभ्यास केला, संस्कृत शिकला, आणि सुमारे 1030 मध्ये आपल्या देशाच्या गणितावर, देवांवर, पंचांगांवर आणि चालीरीतींवर ‘किताब-उल-हिंद’ हा असा ग्रंथ लिहिला की आजही त्याच्याशिवाय त्या काळाचे चित्र पुरे होत नाही. जाण्याआधी एकच ग्रंथ वाचणार असाल तर तो वाचा. तिथल्या माणसाने इथे कसे पाहिले हे आधी वाचले, म्हणजे आपण तिथे कसे पाहावे याचा अंदाज येतो.

पश्चिमेला आणखी पुढे नुकुस शहर आणि अरल समुद्र आहे. तुमच्या गुडघ्यांचा विचार करता या वेळी तो लांबचा पल्ला टाळावा असे मला वाटते, पण त्याविषयी वाचून जरूर जा. 1960 पर्यंत जगातले चौथ्या क्रमांकाचे असलेले ते सरोवर कापसाच्या शेतीसाठी आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवल्याने आटले, आणि मुयनाक या जुन्या बंदरातली जहाजे आज वाळूत गंजत पडली आहेत. पाणी तिथून शंभराहून अधिक किलोमीटर मागे गेले आहे. त्याच कापसाच्या वेचणीसाठी अगदी काल-परवापर्यंत सरकार शिक्षकांना, डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना शेतात पाठवत असे. जगभरच्या अनेक कंपन्यांनी त्या कापसावर बहिष्कार घातला होता आणि ही सक्ती थांबल्यावर तो 2022 मध्ये उठला. तुमच्या वयाची एखादी उझबेक शिक्षिका भेटली आणि ओळख वाढली, तर वेचणीच्या दिवसांविषयी तिला विचारा. दोन शिक्षिकांमधले ते बोलणे कोणत्याही स्मारकापेक्षा तुमच्या लक्षात राहील, असे मला मनापासून वाटते.

ताश्कंदला पहिले दोन दिवस द्या. 10 जानेवारी 1966 रोजी तिथे भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री, 11 तारखेच्या पहाटे, लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले. त्यांच्या नावाचा रस्ता आणि अर्धपुतळा तिथे आहे. त्याच वर्षी 26 एप्रिलच्या भूकंपाने जुने शहर उद्ध्वस्त झाले, म्हणून आजचे ताश्कंद रुंद रस्त्यांचे, सोव्हिएत धाटणीचे दिसते. 1977 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोची स्थानके मुद्दाम उतरून पाहा. अंतराळवीरांच्या नावाच्या स्थानकात गागारिन आणि तेरेश्कोवा यांच्या पंक्तीला उलुघ बेगालाही बसवले आहे. इतिहास संग्रहालयात दक्षिणेकडच्या तेर्मेझजवळील फयाझ-तेपे या विहारातून मिळालेले बुद्धशिल्प आहे. अजिंठ्याच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या लोकांना कुषाणकाळात आमू दर्याच्या काठी नांदलेला बौद्ध धर्म माहीत असावा, एवढ्या एका शिल्पासाठीही मी संग्रहालयाची वाट धरायला सांगेन.

सहल कंपनीबरोबर जावे का? आपल्याकडे ताश्कंदच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक सहलींत चिमगानचे डोंगर, चारवाकचा जलाशय, खरेदी आणि समरकंदचा एक धावता दिवस असतो. त्या तुमच्या कामाच्या नाहीत. युरोपात जे झाले तेच इथे पुन्हा होईल. तुम्ही दोघांनी, किंवा समान आवडीच्या आणखी एखाद्या जोडप्याबरोबर, स्वतंत्र जावे. हॉटेले आणि रेल्वेची आरक्षणे आधी करावीत, आणि प्रत्येक शहरात पहिल्या दिवशी अर्धा दिवस स्थानिक, इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक घ्यावा. उरलेले दिवस आपले आपण हिंडावे. ताश्कंद दोन रात्री, समरकंद चार, बुखारा चार, खिवा एक किंवा दोन, आणि खिव्याजवळच्या उर्गेंचहून विमानाने ताश्कंदला परत, असा क्रम मला योग्य वाटतो. फरगाणा खोरे यातून सुटते. तिथल्या मार्गिलानचे विणकाम सोलापूरच्या माणसाने पाहू नये हे मला खटकते, कारण ताणा आधी बांधून रंगवायचा आणि मग विणायचा ही पोचमपल्लीला चालणारी रीत तिथे रेशमावर चालते. पण सगळेच एका प्रवासात बसवू नये. बुखाऱ्याच्या बाजारात तिथला ‘अद्रस’ मिळतो, रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेला. तो हाताळून पाहा.

यजमानांच्या जेवणाची तरतूद मात्र गांभीर्याने करावी लागेल. हा मांसाहारी देश आहे. पुलावात मांस असते, भाजीच्या सारातही बहुधा मांसाचे पाणी असते, आणि ‘भाजी आहे’ म्हणजे ‘मांस नाही’ असे तिथे कोणी समजत नाही. ‘गोश्तसिझ’, म्हणजे मांसाविना, हा शब्द पाठ करा आणि रशियन समजणाऱ्याला ‘बेझ म्यासा’ म्हणा. शिवाय दोन्ही भाषांत एक चिठ्ठी लिहून घेऊन ती पाकिटात ठेवा, आणि तीत रस्सा आणि चरबी यांचाही उल्लेख करा. तंदुरातली ताजी रोटी, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, भोपळ्याचे सारण भरलेला सामसा, अक्रोड, जर्दाळू आणि हिरवा चहा यांवर माणूस मजेत राहतो, आणि शरद ऋतूतली तिथली खरबुजे खाल्ल्यावर हिंदुस्थानात बाबराला त्यांची आठवण का छळत होती ते समजते. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी बरोबर घ्या, ती टिकते. रोटी पालथी ठेवू नये आणि तिचा तुकडा टाकू नये, हा तिथला रिवाज आहे. पाळायला तुम्हाला अवघड जाणार नाही.

गुडघ्यांसाठी समरकंदमधल्या शाही झिंदाच्या कबरींकडे जाणारा उंच जिना सावकाश, सकाळच्या वेळी चढावा. तिथे लोक श्रद्धेने येतात, म्हणून डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ असू द्या. खिव्याचे मिनार चढू नका. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत, कारण कोडीन किंवा ट्रामाडोल असलेल्या वेदनाशामकांवर त्या देशात कडक निर्बंध आहेत. गुडघ्यांसाठी तसे काही घेत असाल तर डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या. प्रवास विमा वयाच्या अटी वाचून काढा. भाषेची चिंता फार करू नका. मोबाइलवरचा अनुवाद चालतो, आणि राज कपूर यांचे नाव घेतले की पिकलेल्या केसांची माणसे अजून चहा पुढे करतात.

भारतीयांना ई-व्हिसासाठी अर्ज करता येतो. नियम बदलतात, म्हणून तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच करा आणि हॉटेलात मिळणाऱ्या नोंदणीच्या चिठ्ठ्या देश सोडेपर्यंत जपून ठेवा. दिल्लीहून ताश्कंदला थेट विमान सुमारे तीन तासांत पोहोचते. एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस निवडा. जून-जुलैत तिथे पारा चाळिशीपार जातो, आणि त्यासाठी सोलापूर सोडण्याचे काही कारण नाही. ताश्कंद, समरकंद आणि बुखारा यांना जोडणाऱ्या अफ्रोसियोब या वेगवान गाडीची तिकिटे हंगामात फार लवकर संपतात, म्हणून तारखा ठरल्या की विक्री खुली होताच प्रथम ती काढावीत आणि हॉटेलांचे आरक्षण त्यानंतर करावे. तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, एवढे तपासून घ्या.